घरी घडलेले गाणे आणि स्पर्धेची कसोटी

छत्रपती संभाजीनगरात गाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. गणेशोत्सव असो, भीमजयंती असो, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो वा एखाद्या वसाहतीतील कोजागरी असो. ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून नामांकितांची गाणी हुबेहूब म्हणणारे तरुण-तरुणी येथे हवे तेवढे मिळतात. परंतु त्याच कार्यक्रमात कोणी ‘हे गाणे मी लिहिले आहे आणि चालही माझीच आहे’ असे सांगून गाऊ लागला, की श्रोत्यांची चुळबूळ सुरू होते आणि सूत्रसंचालक घड्याळाकडे पाहू लागतो. गाणाऱ्याला टाळ्या आणि गाणे करणाऱ्याला संशय, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे.

अलीकडे या वाटणीला तडा जाऊ लागला आहे. शिक्षक, कार्यालयातील लिपिक, अभियांत्रिकीचे वा वाणिज्य शाखेचे विद्यार्थी अशी मंडळी फावल्या वेळी स्वतःची गाणी करतात, राहत्या घरातच ती ध्वनिमुद्रित करतात आणि मूळ गीतरचनेची स्पर्धा जेथे कोठे भरत असेल तेथे पाठवून देतात. हे हौशी मंडळींचे खूळ समजून सोडून द्यावे, की सांस्कृतिक जीवनाच्या दृष्टीने त्याला काही मोल आहे? आमच्या मते मोल आहे, आणि ते पुष्कळ आहे. मात्र ते टिकायचे असेल, तर स्पर्धा भरविणाऱ्यांनी दोन प्रश्नांची उत्तरे आधी दिली पाहिजेत. परीक्षण नेमके कशाचे करायचे, आणि स्पर्धेत आलेल्या गाण्याचा मालक कोण?

गाणे घराबाहेर कसे गेले

गाणे घरातच घडावे, यात मराठवाड्याला नवे असे काहीच नाही. पैठणच्या एकनाथांची भारुडे आणि मूळच्या गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग कोणत्याही कलामंदिराच्या मान्यतेची वाट पाहत थांबले नव्हते. जात्यावर बसलेल्या बाईने पहाटे जोडलेली ओवी ही तर शब्द, चाल आणि गळा या तिन्ही अंगांनी तिची स्वतःची निर्मिती होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही त्यात आहेत. आपण गीतकार आहोत, असे त्या बायांपैकी कोणाच्या मनातही आले नसेल. गाणे करणे हा त्यांच्या दळणकांडणाचाच एक भाग होता.

या कामाची फाळणी झाली ती यंत्राच्या आगमनाने. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले आणि हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू झाला. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. त्या मापाने गाण्याची लांबी ठरली. यंत्रसामग्री महाग, म्हणून ती मोठ्या शहरात. मग कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा, वादक वेगळे आणि या सर्वांना एकत्र आणणारी कंपनी आणखी वेगळी, अशी व्यवस्था रूढ झाली.

या व्यवस्थेने मराठीला उत्तम गाणी दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. जालन्यापासून फार दूर नसलेल्या मेहकरात वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायिली, तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताचा प्रारंभ तेथून मोजला जाऊ लागला. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चाललेल्या गीतरामायणात ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी छप्पन्न गीते दिली. आमच्या जिल्ह्यातील पळसखेडचे ना. धों. महानोर यांचे शब्द १९७७ सालच्या ‘जैत रे जैत’मधून हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर घरोघर पोहोचले. परंतु या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. शब्द मेहकरचा असो वा पळसखेडचा, त्याचे गाणे होण्यासाठी त्याला मुंबईपर्यंतचा प्रवास करावा लागला. ज्यांना तो प्रवास घडला नाही अशा किती कवींचे शब्द वहीतच राहिले आणि किती पेटीवाल्यांच्या चाली त्यांच्याबरोबरच गेल्या, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आकाशवाणीने प्रादेशिक केंद्रे काढून हे अंतर काही अंशी कमी केले. स्थानिक कवींना आणि गायकांना तेथे पहिली संधी मिळाली, हे तिचे ऋण मोठे आहे. परंतु तेथेही स्वरचाचणी आली, श्रेणी आल्या आणि कोणते वाद्य चालेल याचे नियम आले. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. घरोघरी ज्या वाद्यावर चाली बांधल्या जात, तेच वाद्य तीस वर्षे नभोवाणीच्या दाराबाहेर उभे होते! प्रमाण ठरविणाऱ्या संस्थेचा हेतू कितीही चांगला असो, प्रमाणाच्या बाहेर काय राहते याकडेही लक्ष द्यावे लागते, एवढाच याचा बोध.

फितीने उघडलेले दार

यंत्राने जे हिरावले ते पुढे यंत्रानेच परत आणून दिले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ध्वनिफितीची छोटी डबी बाजारात आणली, आणि १९८०च्या दशकात ती आपल्याकडे पानपट्टीच्या दुकानापर्यंत पोहोचली. तबकडी काढण्यास कंपनी लागे. फीत काढण्यास थोडके भांडवल पुरे होई. याचा सर्वांत मोठा लाभ आंबेडकरी गीतांना झाला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखा कवी आयुष्यभर गावोगाव फिरून गात राहिला, आणि त्या परंपरेतील शेकडो ज्ञात-अज्ञात गायकांची गाणी फितींमुळे वस्तीवस्तीत वाजू लागली. मिलिंद महाविद्यालयाच्या या नगरीला ते निराळे सांगावयास नको. प्रतिष्ठित संगीतविश्वाने ज्यांची दखल घेतली नाही, त्यांनी स्वतःचा श्रोता स्वतः उभा केला. बाबासाहेबांचा विचार ज्यांच्यापर्यंत पुस्तकातून पोहोचू शकत नव्हता, त्यांच्यापर्यंत तो गाण्यातून पोहोचला.

परदेशातही याच सुमारास असे घडत होते. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ साली घरातील खोलीत चार पट्ट्यांच्या साध्या फीतयंत्रावर काही गाणी कच्च्या स्वरूपात मुद्रित केली. नंतर सुसज्ज स्टुडिओत वाद्यवृंदासह ती पुन्हा करून पाहिली, तेव्हा मूळ फितीतील परिणाम साधेना. अखेर ती घरची फीतच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच्या हाताशी पैसा आणि स्टुडिओ दोन्ही होते. तरीही त्याला घरचे मुद्रण अधिक खरे वाटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आज तर फीतयंत्राचीही गरज उरलेली नाही. खिशातला मोबाइल हाच ध्वनिमुद्रक आहे. ऑडॅसिटीसारखी ध्वनिसंपादनाची आज्ञावली संगणकावर फुकट मिळते, आणि थोडे पैसे साठवले तर बरा मायक्रोफोनही घेता येतो. स्टुडिओच्या तासाचे भाडे हा जो अडसर होता, तो दूर झाला.

खोलीतली शाळा

घरी ध्वनिमुद्रण करणे म्हणजे काय, याची कल्पना न केलेल्यास येणार नाही. मे महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर प्रत्येक ओळीच्या मागे उमटते. खिडकीला गोधडी लावावी लागते. रस्त्यावरची वाहने थांबण्याची, शेजारच्या कुकरची शिट्टी होऊन जाण्याची वाट पाहावी लागते. चौथ्या प्रयत्नात सूर नेमका लागतो आणि त्याच क्षणी वीज जाते. घरातील माणसे कौतुकाने पाहतात, आणि थोड्या दिवसांनी कंटाळतातही.

परंतु या खटाटोपातून जे शिक्षण मिळते ते एरवी क्वचितच मिळेल. दुसऱ्याचे गाणे म्हणताना आपण तयार घरात राहावयास जातो. स्वतःचे गाणे करताना पाया खणण्यापासून आरंभ होतो. दादरा घ्यावा की केरवा, हा पहिला निर्णय. मग शब्दातील लघु-गुरु आणि तालातील मात्रा यांचा मेळ घालावयाचा. जेथे सम येते तेथे शब्दातले दुबळे अक्षर येऊन पडले, तर ओळ लंगडते. ‘नकोसे’ या शब्दात गायकाने ‘नको’पाशी श्वास घेतला, तर अर्थाचे तुकडे होतात. अंतरा मुखड्यापासून फार दूर गेला, तर परत येण्याची वाट सापडत नाही. हे नियम पुस्तकात वाचून कळतात त्याहून स्वतःचे मुद्रण दहा वेळा ऐकून अधिक कळतात. कारण मुद्रण तोंडदेखले कौतुक करीत नाही. स्वतःचाच आवाज परका होऊन समोर येतो आणि कोठे खोटे बोललो ते दाखवून देतो.

मराठीच्या शिक्षकांनी या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. वृत्त, यमक, शब्दाचे वजन हे विषय वर्गात रुक्ष वाटतात. तेच विषय, विद्यार्थ्याला त्याची स्वतःची चार कडवी तालात बसवावयाची असली, म्हणजे त्याच्या गरजेचे होतात.

दुसरा लाभ आशयाचा आहे. चित्रपटातील गाणे साऱ्या देशाला पुरावयाचे असते, म्हणून त्यात सर्वांना चालेल एवढेच दुःख आणि सर्वांना परवडेल एवढाच पाऊस असतो. जायकवाडीचा जलाशय जवळ असूनही पाण्याच्या पाळीची वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या वसाहती, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी बीडकडची कुटुंबे, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतली रात्रपाळी, स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत विशी ओलांडून तिशीकडे झुकलेली मुले, हे आमचे अनुभव आहेत. ते गाण्यात आणावयाचे तर ते आम्हालाच आणावे लागतील. मुंबईचा गीतकार ते करणार नाही, आणि त्याने का करावे?

परीक्षण कशाचे?

येथे स्पर्धेचा प्रश्न येतो. हौशी माणसाला मुदत लागते. मुदत नसली म्हणजे गाणे ‘पुढच्या सुटीत’ पुरे होते, आणि ती सुटी येत नाही. गीतरामायणासारखे महत्कार्यही आठवड्याला एक गीत या वेळापत्रकाच्या धाकात झाले, हे विसरू नये. परदेशात २००४ पासून फेब्रुवारी महिन्यात चौदा गाणी रचण्याचा एक उपक्रम चालतो. त्यात बक्षीसच नसते, केवळ मुदत असते. अमेरिकेतील एनपीआर ही सार्वजनिक नभोवाणी २०१५ पासून अशी स्पर्धा भरविते, की ज्यात स्पर्धकाने स्वतःचे एक मूळ गाणे टेबलापाशी बसून साधेपणाने सादर करावे. हजारो प्रवेशिका येतात. एका नभोवाणीला हे सुचते, तर आपल्याकडे का सुचू नये?

आपल्याकडील गायनस्पर्धांचे, विशेषतः दूरचित्रवाणीवरील स्पर्धांचे, सारे लक्ष गळ्यावर असते. गाणे जुने आणि गाजलेले. ते मूळ गायकाच्या किती जवळ गेले, एवढे पाहावयाचे. मूळ गीतरचनेच्या स्पर्धेत हीच दृष्टी शिरली म्हणजे घोटाळा होतो. मग चकचकीत मुद्रण, भारी वाद्यमेळ आणि तयार गळा यांनाच बक्षीस मिळते. ज्याच्याकडे चांगला मायक्रोफोन त्याचे गाणे चांगले, असा अर्थ त्यातून निघतो. पैठणच्या वा सोयगावच्या विद्यार्थिनीने मोबाइलवर मुद्रित केलेले गाणे पंख्याच्या घरघरीपायी पहिल्या फेरीतच बाद व्हावे, यासारखा अन्याय नाही.

त्यातच नवी अडचण उभी राहिली आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला चार शब्द दिले, की ते थोड्याच वेळात कवन, चाल, वाद्यमेळ आणि गायकाचा आवाज यांसह पुरे गाणे तयार करून देते. ध्वनीच्या सफाईवर गुण द्यावयाचे तर बक्षीस यंत्रालाच द्यावे लागेल. यंत्राला बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही, कारण ती बंदी तपासणार कोण? त्यापेक्षा परीक्षणाची रीत बदलावी. प्रवेशिकेसोबत गाण्याचे कच्चे टिपण, खोडलेल्या ओळी आणि चालीचे पहिले ओबडधोबड मुद्रण मागवावे. अंतिम फेरीतील स्पर्धकांना बोलावून, केवळ एका पेटीवर वा गिटारवर, आपले गाणे परीक्षकांपुढे गावयास लावावे आणि ही ओळ अशीच का केली, हेही विचारावे. सारी सजावट काढून घेतल्यावर जे उभे राहते ते गाणे. भाषेच्या बाबतीतही परीक्षकांनी मन मोठे ठेवावे. परभणीकडची बोली किंवा या शहराच्या गल्ल्यांतली दखनी, ही अशुद्ध भाषा म्हणून गुण कापण्याची गोष्ट नव्हे. वली आणि सिराज यांचे हे शहर आहे.

‘अशा स्पर्धांत आलेली बहुतेक गाणी सामान्यच असतात’ असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. हौशी राज्य नाट्यस्पर्धेत १९५४ पासून सादर झालेल्या असंख्य नाटकांपैकी बहुतेक नाटके आज कोणाला आठवत नाहीत. तरीही त्या स्पर्धेने गावोगावी लेखक घडविले, दिग्दर्शक घडविले आणि नाटक जाणणारा प्रेक्षक घडविला. ‘जिगीषा’तील प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी ही मंडळी याच शहराच्या हौशी रंगभूमीवरून पुढे गेली. शंभर सामान्य नाटकांच्या मशागतीतून एक चांगले नाटक उगवते. गाण्याला मात्र अशी मशागत आपण कधी मिळूच दिली नाही, आणि पीक नाही म्हणून तक्रार करतो.

मालकी कोणाची?

दुसरा प्रश्न हक्काचा आहे, आणि हौशी मंडळी त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याचे शब्द, गाण्याची चाल आणि गाण्याचे ध्वनिमुद्रण ही तीन निरनिराळी मालमत्ता आहे. चालीसंबंधी एक विलक्षण गोष्ट अशी, की १९९४च्या दुरुस्तीपर्यंत चाल कागदावर लिहिलेली वा छापलेली असेल तरच ती ‘सांगीतिक कृती’ ठरे. जेथे सारे संगीत कानातून कानात जाते त्या देशात हा नियम चार दशके चालला. आता तशी अट नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोग होतो, परंतु ती सक्तीची नाही. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो.

व्यावसायिक गाण्यात हे तीन हक्क तिघांकडे विखुरलेले असतात. स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वखर्चाने घरी मुद्रण करणाऱ्या माणसाच्या हाती मात्र ते तिन्ही एकवटलेले असतात. मोठमोठ्या गीतकारांना जे लाभले नाही ते या शिक्षकाला वा विद्यार्थ्याला लाभलेले असते. आणि स्पर्धेच्या अर्जाखाली बारीक अक्षरांत ‘सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे छापलेले असले, तर तो सही करून ते सारे एका क्षणात देऊन टाकतो. बक्षीस मिळो वा न मिळो!

२०१२ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली ती अशाच अनुभवांमुळे. गीतकार आणि संगीतकार यांनी आपले हक्क दुसऱ्याला दिले तरी स्वामित्वधनातील त्यांचा समान वाटा त्यांना सोडून देता येणार नाही, अशी तरतूद तीत झाली. हक्क देणे लेखी असले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. एवढी माहिती प्रत्येक स्पर्धकाला असावी. आयोजकांना हवे तरी काय असते? निकालाच्या कार्यक्रमात गाणे वाजविण्याची आणि विजेत्यांची गाणी प्रसिद्ध करण्याची परवानगी. तेवढीच मागावी. स्पर्धेच्या नावाखाली गाण्यांची फुकट खरेदी होऊ नये.

आता काय करावे

हे काम करू शकतील अशा संस्था या शहरात आहेत. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ पासून या प्रदेशाच्या शब्दाची राखण करीत आली आहे. तिने गीताकडे साहित्य म्हणून पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने युवक महोत्सवाच्या मंचावर स्वरचित गीताला मानाचे स्थान द्यावे. आकाशवाणीच्या स्थानिक केंद्राने विजेत्यांसाठी आठवड्यातून अर्धा तास काढावा. श्रेणीची अट त्यापुरती बाजूला ठेवावी. आणि शहरातील एखाद्या जुन्या वाचनालयाने, कर्त्याच्या संमतीने, दरवर्षीच्या प्रवेशिकांचा संग्रह जपावा. ओव्या कोणीतरी जमविल्या म्हणून आज त्या आपल्याला ऐकता येतात. मोबाइलमधील गाणी त्याहून अधिक नाशिवंत आहेत. यंत्र बदलले की जातात.

खर्च फारसा नाही. लागणार आहे ती श्रोत्याची तयारी. न ऐकलेले गाणे ऐकण्यास थोडा धीर लागतो. ओळखीच्या गाण्यासारखे ते पहिल्या सुराला मनात घर करीत नाही. तो धीर आपण शिकलो नाही, तर दहा वर्षांनी आपल्याकडे गाणारे भरपूर असतील आणि ते सारे दुसऱ्यांचीच गाणी गात असतील. पुढच्या स्नेहसंमेलनात कोणी विद्यार्थी ‘हे माझे गाणे आहे’ म्हणून उभा राहिला, तर सूत्रसंचालकाने घड्याळ पाहू नये. त्याला तीन मिनिटे पूर्ण द्यावीत, आणि नंतर त्याच्या चुका त्याला प्रेमाने सांगाव्यात.